सत्तावीस नंबरचं दार

एकतीस वर्षांत किती दारं रंगवली, हे क्लिफ ओल्ड्रॉइडला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण रंग कोणता, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. पालिकेचा हिरवा. डब्यावर त्याला काहीतरी भारदस्त नाव होतं, पण रंगारी त्याला उकडलेला वाटाणा म्हणत. टेकडीवरच्या वसाहतीत पालिकेची अकराशे घरं आणि अकराशेच्या अकराशे दारं त्याच रंगाची. आतल्या भिंतींना तुम्ही काय वाटेल ते फासा, बाहेरचं लाकूड पालिकेचं. दर पाच वर्षांनी रंगाऱ्यांची टोळी शिड्या घेऊन एकेका रस्त्याला लागायची आणि जुन्या हिरव्यावर नवा हिरवा चढवून पुढे सरकायची.

या धंद्यात नियम थोडे, पण त्यातला एक पहिल्याच दिवशी कान धरून शिकवला जातो: लाकडावर कॉपिंग पेन्सिल टेकवायची नाही. जिभेला लावून ओली करायची ती जांभळी पेन्सिल मुकादमाच्या यादीसाठी ठीक. लाकडावर तिचं एक अक्षर जरी उमटलं, तरी वर लांबी भरा, अस्तर द्या, हातावर हात मारा, ते रंगातून वर येतंच. हा नियम सिरिल टोळीत आला त्याच उन्हाळ्यात मोडून बसला होता. लार्च रोडच्या नऊ नंबरला कुणाच्या तरी खिडकीतून रेडिओ ऐकू येत होता, आणि या पठ्ठ्याने रंग खरवडलेल्या दारावर यॉर्कशायरचा स्कोअर टिपून ठेवला: सहा बाद दोनशे चौदा. उन्हाळा सरायच्या आत स्कोअर परत दारावर हजर. दर पाच वर्षांनी तो झाकायचा आणि दर वेळी तो उगवायचा. "सिरिल, तुझा डाव अजून संपला नाही का रे?" हा एकच विनोद टोळीला तीस वर्षं पुरला.

सिरिल म्हणजे क्लिफच्या लग्नात अंगठी खिशात सांभाळत शेजारी उभा राहिलेला माणूस. राहायलाही लार्च रोडवरच शेजारी, क्लिफ सत्तावीस नंबरला, सिरिल एकोणतीसला. दोघांच्या घरांना मधे एकच भिंत आणि वर एकच पन्हळ.

मग पालिकेची घरं भाडेकरूंनाच विकायचा कायदा आला. जितकी जास्त वर्षं भाडेकरू, तितकी किंमत कमी. अर्ज करा, राहतं घर तुमचं. आणि घर घेतलेला प्रत्येक जण सगळ्यात आधी दार बदलायचा. दुसरं बदलणार काय? किल्ली तीच, जिना तोच, घोरणारा शेजारी तोच. मालक झालो हे जगाला कळावं तरी कसं? मग कुठे लाल दार आलं, कुठे पांढरं, कुठे पितळी सिंहाच्या तोंडातली कडी. टोळीचा मुकादम बॅग्शॉ जांभळी पेन्सिल जिभेला लावून यादीतले तेवढे नंबर खोडायचा आणि टोळी ती दारं ओलांडून जायची. दोन घरांत एक पन्हळ असेल तर ती बरोबर अर्ध्यावर सोडायची. अर्धी चकाकणारी, अर्धी गंजकी पन्हळ दिसली की समजावं, इथे पालिका संपली.

एका रविवारी जेवण झाल्यावर क्लिफची बायको आयव्ही म्हणाली, "क्लिफ, आपणही घेऊ या ना."

"काय?"

"घर."

"आहे की. त्यातच तर बसलीयस."

"आपलं म्हणतेय मी. आपल्या मालकीचं."

"अगं, पालिकेचं घर म्हणजे सगळ्यांचं. इथून आपल्याला कुणाचा बाप हलवू शकत नाही. त्यासाठीच तर बांधलीत ही."

"बाप कशाला लागतो? भाड्याचं घर कधीतरी खाली करावंच लागतं," आयव्ही म्हणाली. तिला ते ऐकून माहीत नव्हतं, भोगून माहीत होतं. लहानपणी तिने सात घरं पाहिली होती. शेवटच्या वेळी मालकाच्या माणसांनी सगळं सामान भर दुपारी फुटपाथवर काढलं, तेव्हा तिची आई उपड्या टबावर भिंतीवरचं घड्याळ मांडीत घेऊन बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जणू काही झालंच नाही अशा आवाजात किती वाजले ते सांगत होती. तेव्हा आयव्ही नऊ वर्षांची होती.

"मला एक कागद हवाय, क्लिफ. त्यावर माझं नाव. हे घर आयव्ही ओल्ड्रॉइडचं, असं लिहिलेलं. माझ्या आईला जन्मात तसा कागद दिसला नाही." मग स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटून ती हसली. "आणि दार निळं. त्या वाटाण्याकडे बघून बघून डोळे हिरवे झाले माझे."

"निळं!" क्लिफ हसला. "मला टोळीतून हाकलतील." आणि त्याच्या लक्षात राहिलं ते निळं दार तेवढंच.

पुढच्याच शुक्रवारी टोळीच्या शिड्या-डबे ठेवायच्या आवारात रंगाऱ्यांच्या युनियनची सभा झाली. ठराव सिरिलनेच मांडला. "माझी लेक सँड्रा नवरा आणि पोर घेऊन तीन वर्षं माझ्या मागच्या खोलीत राहतेय. घरासाठीच्या पालिकेच्या यादीत तिचा नंबर चारशेच्या पुढे. विकलेलं घर यादीत परत येत नाही, मंडळी. आणि उद्या दारंच उरली नाहीत तर आपण काय रंगवायचं, एकमेकांची थोबाडं? आपल्यातल्या कुणीही घर घ्यायचं नाही. पटत असेल त्याने हात वर करा." क्लिफचा हात पहिल्या तिघांत वर गेला. त्याला ते मनापासून पटलं होतं. ओल्या, एका नळावर बारा बिऱ्हाडांच्या गल्लीत तो जन्मला होता. पालिकेने बांधलेल्या विटेवर त्याची देवासारखी श्रद्धा होती.

घरी येऊन त्याने आयव्हीला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. "बरं," म्हणाली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. बायको गप्प झाली की नवऱ्याला वाटतं तिला पटलं. क्लिफ काही जगावेगळा नव्हता.

तीन वर्षांनी आयव्हीचा खोकला छातीत उतरला. सुऱ्या-चमच्यांना झिलई देण्याच्या कारखान्यात तिने बावीस वर्षं नाकातोंडात काळी धूळ घेतली होती. ती धूळ आता वसुलीला आली. क्लिफने डॉक्टरांना विचारलं, "या ख्रिसमसला ती असेल ना?" डॉक्टर म्हणाले, "या ख्रिसमसला असेल." पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि क्लिफनेही विचारलं नाही.

वरचा पलंग त्याने खाली पुढच्या खोलीत आणला. तिथून आयव्हीला दाराची आतली बाजू दिसायची. ती बाजू घरची असल्याने पांढरी होती. एका सकाळी ती त्या दाराकडे बघत पडली होती आणि क्लिफला तो रविवार आठवला. तीस वर्षांत या बाईने आपल्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि आपण ती हात वर करून नाकारली.

त्याच आठवड्यात त्याने अर्ज आणला. घरी नको, आवारात नको, म्हणून वाचनालयात बसून भरला. नाव, पत्ता, भाडेकरू किती वर्षं. खाली एक ओळ होती: खरेदीत कुटुंबातलं आणखी कोणी सहभागी असल्यास त्यांचं नाव. चोपन्न साली किल्ली घेताना कारकुनाने विचारलं होतं, "घरधनी कोण?" तेव्हा क्लिफ पुढे झाला होता आणि आयव्ही दोन पावलं मागे हातात पिशवी घेऊन उभी होती. तेव्हापासून भाड्याच्या पुस्तकात, गॅसच्या बिलावर, सगळीकडे एकच नाव. वसाहतीतल्या सगळ्याच घरांत तसं होतं. क्लिफने त्या रिकाम्या ओळीवर एक आडवी रेघ ओढली आणि पुढच्या रकान्याकडे वळला. रंगाऱ्याचाच हात, रेघ अगदी सरळ आली.

आयव्हीला आधी सांगायचं नाही, कागद थेट हातात ठेवायचा, असं त्याने ठरवलं. निळा रंग आणून कोळशाच्या खोलीत लपवून ठेवला.

जानेवारीत नवी यादी आली; घरासाठी अर्ज केलेल्यांची नोंद तिच्यासोबत असायची. चहाच्या सुट्टीत बॅग्शॉ ती वाचत होता. वाचता वाचता थांबला, पेन्सिल जिभेला लावली, क्लिफकडे एकदा बघितलं आणि एक नंबर खोडला. यादी त्याने मुद्दामच बाकावर उघडी ठेवली. सत्तावीस, लार्च रोड.

त्या दिवसापासून टोळीने क्लिफला वाळीत टाकलं. शिवी नाही, धक्काबुक्की नाही. फक्त कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. शिडी धरायची तर धरायची, पण "सांभाळ" म्हणायचं नाही. चहाचे आठ मग ओळीने भरले जायचे आणि नववा, क्लिफचा, पालथाच राहायचा. आयव्ही आजारी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठरावाला आजारपणाची पळवाट ठेवलेली नव्हती, आणि क्लिफनेही ती मागितली नाही. हात त्याने वर केला होता, आयव्हीने नाही. सिरिल पाठ करून चहा प्यायचा. तीस वर्षांच्या दोस्ताची पाठ इतकी रुंद आहे हे क्लिफने पहिल्यांदाच नीट पाहिलं.

घरी आल्यावर मात्र आयव्हीचा रोजचा प्रश्न असायचा. "काय म्हणतायत तुझी माकडं?"

आणि क्लिफ सांगायचा. बॅग्शॉ आज शिडीवरून कसा थेट डब्यात पाय घालून उतरला. सिरिल त्यावर काय म्हणाला, मग सगळे कसे हसले. ज्या सुट्टीत त्याच्याशी एक अक्षर कुणी बोललं नव्हतं, त्या सुट्टीतला एकेक शब्द तो घरी येताना चढावर रचत यायचा. आयव्ही हसायची, हसता हसता खोकायची, आणि म्हणायची, "सिरिलला सांग, मेल्या मला मारशील."

एप्रिलमध्ये खरेदीखत झालं. क्लिफने त्या दिवशी अर्धी रजा टाकली, कोट घातला, वकिलाकडून कागद आणला आणि आयव्हीच्या मांडीवर ठेवला.

"हे काय?"

"वाच तर."

तिने चष्मा लावला. पहिली ओळ वाचली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "क्लिफ! अरे, तू तर हात—"

"हात खाली घेतला मी. तू वाच."

ती वाचत राहिली. बोट ओळीखालून हळूहळू सरकत होतं. पानाच्या तळाला गेलं, परत वर आलं, पुन्हा खाली गेलं. तिने पान उलटून मागची बाजूही बघितली. मग कागदाची घडी पहिल्यासारखी घातली आणि वरून हात फिरवला.

"छान आहे हो," ती म्हणाली. "खूप छान केलंस. दार कधी रंगवतोस?"

"तू जरा बरी हो, तुला खुर्चीत बाहेर बसवतो आणि तुझ्या देखत रंगवतो!" क्लिफला आभाळ ठेंगणं झालं होतं. त्याने तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि चहा टाकायला आत गेला.

चार दिवसांनी सिरिलची बायको बेरिल फाटकात त्याची वाट बघत उभी होती. बायकांनी ते वाळीत टाकणं कधी मानलंच नव्हतं. बेरिल रोज दुपारी सूप घेऊन आयव्हीपाशी बसायची.

"क्लिफ, एक विचारू? तो कागद तू वाचलास का?"

"वकिलाने वाचून दाखवला की."

"आयव्हीने परवा मला वाचायला दिला. म्हणाली, चष्मा जुना झालाय गं, माझं नाव मला सापडत नाहीये, तू जरा बघ. मी तीनदा बघितलं, क्लिफ." बेरिलचे डोळे भरून आले. "तिला म्हटलं, या कायद्याच्या कागदांत कुठेतरी असेल बारीक अक्षरात. दुसरं काय सांगू?"

क्लिफ तिथेच फाटकाला धरून उभा राहिला. वाचनालयातलं टेबल, ती रिकामी ओळ आणि आपली ती सरळ रेघ, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं. जिच्यासाठी दोस्त तोडले, तिचंच नाव आपल्या हाताने खोडून आलो.

दुसऱ्या दिवशी तो पालिकेत गेला. खिडकीपलीकडची बाई भली होती. "काळजी करू नका, करता येईल की. नवा दस्त होईल, तुमचा वकील करेल. मिसेस ओल्ड्रॉइडना सहीला यावं लागेल, किंवा आम्ही माणूस पाठवू."

"किती दिवस?"

"दोन महिने. फार तर तीन."

"दोन महिने," क्लिफ म्हणाला, आणि टोपी घालून बाहेर आला. तरी जाता जाता वकिलाला सांगून आला.

घरी आयव्ही जागीच होती. तो पलंगाच्या कडेला बसला. उशाजवळचा तो कागद हातात घेतला.

"बेरिलच्या पोटात तीळ भिजत नाही," आयव्हीच म्हणाली.

"मी गाढव आहे, आयव्ही."

"ते लग्नाआधीच माहीत होतं."

"मला वाटलं, तुला दार हवंय. निळं."

"दारही हवंच होतं." ती श्वास घ्यायला थांबली. "तीस वर्षं सगळीकडे तुझंच नाव लिहिलं आपण. तुला एकट्याला काय बोलू? मीही कधी म्हटलं नाही की थांब, माझंही लिही. त्या दिवशी मागे पिशवी धरून उभी राहिले ती उभीच."

"वाईट वाटलं तुला."

"हो. वाटलं," ती म्हणाली. "रडले मी, क्लिफ. तू कामावर गेल्यावर."

तो हमसून हमसून रडायला लागला. तिने त्याच्या रंगाने तडकलेल्या बोटांवरून हात फिरवला. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि त्या गोष्टी पुरे कर आता, टोळीच्या. मला कधीचं ठाऊक आहे. सिरिल इतका मजेशीर आयुष्यात कधी नव्हता."

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, बेरिल सूप गरम करायला आत गेली होती तेवढ्यात आयव्ही गेली. नवा दस्त वकिलाच्या टेबलावर होता. सहीला माणूस पुढच्या मंगळवारी येणार होता.

अंत्यविधीला अख्खी टोळी आली. आठही जण, नखांतला हिरवा रंग घासून घासून काढलेला, टोप्या हातात. शवपेटीला खांदा द्यायला सहा लागतात. पाच जण क्लिफने न विचारताच पुढे झाले. त्यात सिरिल होता. पेटी खाली ठेवून झाल्यावर त्याने क्लिफचा दंड एकदा दाबला. पण बोललं कुणीच नाही.

जूनच्या शेवटी टोळीची पाळी लार्च रोडवर आली. क्लिफने त्या आठवड्याची रजा घेतली होती. सकाळी आठलाच त्याने सत्तावीस नंबरचं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, पुढच्या अंगणात दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं आणि ब्लो लॅम्पने जुना रंग जाळून पत्र्याने खरवडायला बसला. हिरव्याखाली हिरवा, त्याखाली हिरवा. सहा थर निघाले, सहाही त्याच्याच हातचे. दुपारपर्यंत लाकूड उघडं झालं. पॉलिश पेपरने घासून त्याने ते मऊ केलं आणि धूळ पुसली.

पलीकडे एकोणतीस नंबरच्या शिडीवर सिरिल स्वतःच्याच घराची पन्हळ रंगवत होता. रंगवत रंगवत तो सामाईक भिंतीपर्यंत आला आणि अर्ध्यावर थांबला.

खाली क्लिफने खिशातून काहीतरी काढलं आणि जिभेला लावलं. मग दारावर वाकला. मोठमोठ्या अक्षरांत, दाराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, शाळेतल्या पोरासारखा जीभ चावत तो लिहीत होता. आयव्ही ओल्ड्रॉइड. तिच्या मेलेल्या आईलाही वाचता यावं एवढं ठसठशीत. प्रत्येक अक्षरासाठी पेन्सिल पुन्हा ओली करत होता. ओठ जांभळे झाले होते.

सिरिल शिडीवरून उतरला. कुंपणापाशी आला. ब्रशमधून हिरवा थेंब थेंब त्याच्या बुटावर पडत होता, पण त्याला भान नव्हतं.

"क्लिफ." सहा महिन्यांत पहिल्यांदा. मग तो म्हणाला, "अरे, कॉपिंग पेन्सिल आहे ती. वर येईल."

"माहीत आहे."

सिरिलने नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. बॅग्शॉ रस्त्याच्या पलीकडून बघत होता, बाकीचेही हातातलं काम थांबवून बघत होते. सिरिलने त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याने कुंपणाच्या भिंतीवर ठेवलेल्या निळ्या रंगाच्या डब्याचं झाकण उचलून रंग बघितला, काठीने ढवळला.

"किती हात मारणार आहेस?"

"दोन. नंतर जमलं तर तिसरा."

"तिसरा नको मारूस," सिरिल म्हणाला. "उगाच उशिरा येईल ती."

आणि कुंपण ओलांडून तो आत आला, खिशातला कोरडा ब्रश काढून त्याने क्लिफच्या समोरची बाजू धरली, आणि दोघे अस्तर लावायला लागले.